शहाऐंशी मतांची गल्ली

गल्लीच्या तोंडाशी एका खोलीची लाँड्री होती. पुढे लाकडी फळी, मागे एक वाफेची आणि एक साधी अशा दोन इस्त्र्या, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत घातलेल्या नळीवर हँगरांची रांग. लाँड्री चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. वय बावन्न. त्यातली तीस वर्षं आधी कॉलर, मग मनगटं, मग बाह्या आणि पाठ सगळ्यात शेवटी, या क्रमानं गेलेली. गल्लीत कोण नोकरीला लागलं, कोण घरी बसलं, कोणाचं पोट सुटलं, हे ताईंना कपड्यांवरून आधी कळायचं आणि माणसाकडून मागाहून.

दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांचे थोरले भाऊ राहत. जन्मभर बस चालवली म्हणून गल्लीला ते ड्रायव्हरदादा. साखरेच्या दुखण्यानं त्यांच्या डाव्या टाचेला जखम झाली होती आणि ती भरून यायचं नाव घेत नव्हती. आठवड्यातून दोनदा पट्टी बदलावी लागे. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पालिकेचा दवाखाना होता. दादा काठी टेकत दहा मिनिटांत तिथं पोचत, सिस्टरशी गोड खाण्यावरून भांडत आणि पट्टी बदलून परत येत. त्या भांडणाची ते वाटच बघत असत, हे ताईंना ठाऊक होतं.

एका सोमवारी दादा परत आले ते जिना न चढता दुकानातच स्टुलावर बसले.

"काय झालं? दुखतंय?"

"दवाखाना हलतोय, ठके." लहानपणापासून ते बहिणीला ठकी म्हणत. "पुढच्या महिन्यापासून हायवेपलीकडे. दाराला कागद लावलाय."

हायवे ओलांडायला एकच पादचारी पूल होता. बेचाळीस पायऱ्या वर आणि तेवढ्याच खाली. ताईंच्या हातातली इस्त्री शर्टावर जरा जास्तच रेंगाळली. त्यांनी ती चटकन उचलली.

दुसऱ्या दिवशी ताई चार नंबरच्या घरात राहणाऱ्या शाळेच्या बाईंना घेऊन नगरसेवकांच्या कचेरीत गेल्या. बाई शाळेत गणित शिकवायच्या. अर्ज त्यांनीच लिहिला होता, सुवाच्य आणि मुद्देसूद. नगरसेवक पन्नाशीचे, थकल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि कपाटातून एक फाइल आणली.

"खरं सांगू का तुम्हाला?" ते म्हणाले. "गोड बोलून पाठवता येईल, पण तुम्ही शेजारच्या आहात. ही गेल्या निवडणुकीची केंद्रवार नोंद. कोणी कोणाला मत दिलं ते यात नसतं, ते कोणालाच कळत नाही. किती जण आले, एवढंच असतं. तुमच्या गल्लीचं केंद्र वेगळं आहे, त्यामुळे आकडा स्वच्छ दिसतो." त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "मतदार आठशे बेचाळीस. आले शहाऐंशी."

बाईंनी फाइल स्वतःकडे ओढून तो आकडा पुन्हा वाचला.

"हायवेपलीकडे सहाशे मतदार आहेत. आले साडेचारशेच्या वर. तिथला आणि इथला, दोनातला एकच दवाखाना ठेवायचा असं ठरलं, तेव्हा बैठकीत रुग्ण किती, जागा केवढी, सगळं बोलून झालं. पण मनात प्रत्येकाच्या एकच होतं. कुठले लोक याचा जाब विचारतील? आणि कुठल्या लोकांना पत्ताही लागणार नाही?"

"म्हणजे मत दिलं नाही म्हणून आमच्या म्हाताऱ्यांनी पूल चढायचा?" बाईंचा आवाज चढला. "हा न्याय झाला?"

"न्याय आहे असं मी कुठं म्हटलं, बाई? कसं ठरलं ते सांगतोय. चूकच आहे ते." त्यांनी फाइल मिटली. "तुम्ही आला होतात का हो मतदानाला?"

"मी दरवेळी जाते," बाई म्हणाल्या.

ताईंना मतदानाच्या दिवसाची सुट्टी लख्ख आठवत होती. सुट्टी म्हणून लोकांनी गाठोडीच्या गाठोडी आणून टाकली होती. आणि सकाळी सगळ्यात आधी त्यांनी याच गृहस्थांचा पांढरा सदरा कडक इस्त्री करून दिला होता. सदरा मतदानाला गेला होता. ताई गेल्या नव्हत्या. त्या कधीच गेल्या नव्हत्या.

परतताना ताई म्हणाल्या, "बाई, त्या शहाऐंशीत मी नाही."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी येताना मी दुकानासमोरूनच गेले. तुम्ही मान खाली घालून इस्त्री करत होतात."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाला आवडतं हो, सुट्टीच्या दिवशी मास्तरीण अंगावर आलेली!"

ताईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. संध्याकाळी वरच्या खोलीत त्यांनी भावाला सगळं सांगितलं. दादांनी पाय उशीवर ठेवला होता.

"कोणी आलं तरी तुला कॉलरच घासायची आहे आणि मला पायच चोळायचा आहे," ते म्हणाले. "मी केलंय ना हे सगळं. एका उमेदवारासाठी महिनाभर दारोदार फिरलो. डेपो वाचवतो म्हणाला होता. दोन वर्षांत डेपोची जागा विकली. तेव्हापासून मी त्या पेटीकडे पाठ केली."

"मग त्याचं काय झालं?"

"कोणाचं?"

"त्या माणसाचं."

दादांनी पांघरूण सारखं केलं. "आला निवडून. पुन्हा दोनदा."

"मग तुझ्या पाठीचा त्याला काय त्रास झाला, दादा? उलट वाट मोकळीच झाली त्याला."

दादांनी पाय उशीवरून खाली घेतला. मग म्हणाले, "चहा देतेस की नुसतं भाषणच?"

दवाखाना ठरल्याप्रमाणे हलला. दादा पहिल्या आठवड्यात पूल दोनदा चढले, दुसऱ्यात एकदा आणि तिसऱ्यात नाहीच. ताई घरीच पट्टी बांधायला शिकल्या. हात इस्त्रीचा, त्यामुळे पट्टीला एक सुरकुती पडत नसे, पण जखमेला सुरकुत्यांशी देणंघेणं नव्हतं. ती वाढत होती. निवडणुकीला पाच महिने होते.

ताईंनी फार विचार केला नाही. भाषण त्यांना येत नव्हतं, पण गिऱ्हाईक रोज समोर उभं राहत होतं. कपड्यांची घडी हातात देताना त्या विचारू लागल्या, "यादीत नाव आहे ना तुमचं?"

लोक चमकायचे. मग कारणं निघायची, आणि ती मोठी मजेदार असायची. एकाला रांगेत उभं राहिलं की चक्कर यायची, पण तोच गृहस्थ सामन्याच्या तिकिटासाठी अर्धा दिवस उभा राहिलेला ताईंनी पाहिला होता. कोपऱ्यावरचा पाववाला म्हणाला, "सगळे एका माळेचे मणी, ताई. सगळे चोर."

"चोर आहेत म्हणून तू दुकान उघडं टाकून घरी जातोस का?"

"तसं नाही..."

"मग? चोर असतील तर जास्तच लक्ष ठेवायला नको?"

समोरच्या घरात भाड्यानं राहणारी कॉलेजची मुलगी म्हणाली, "माझ्या एका मतानं काय होणार आहे?"

"तुझ्या एका ड्रेसवर माझंही दुकान चालत नाही," ताई म्हणाल्या. "पण गल्लीतला प्रत्येक जण असं म्हणून कपडे घरीच ठेवू लागला, तर मी काय इस्त्री चाटायची?"

मुलगी खळखळून हसली आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन नाव कुठं नोंदवायचं ते विचारायला आली. शनिवारी दुपारी शाळेच्या बाई यादी घेऊन दुकानात बसू लागल्या. निम्म्या लोकांची नावं चुकलेली होती किंवा नव्हतीच. बाई फॉर्म भरून घेत, चुका लाल शाईनं दाखवत आणि शाळेसारखंच रागावत. लोक निमूटपणे पुन्हा भरत.

ताईंनी एक पथ्य पाळलं. मत कोणाला द्यायचं, हे कोणालाही सांगितलं नाही. एका पक्षाचे दोघे जण फलक लावायला आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्याकडे सगळ्यांचे कपडे येतात. डाग घेऊन येऊ नका." दुसऱ्या पक्षाच्या माणसानं खोदून विचारलं, "पण ताई, तुम्ही नक्की कोणाच्या?" त्यावर, "इस्त्रीच्या," एवढंच उत्तर.

सगळ्यांनीच ऐकलं असं नाही. नऊ नंबरमधले रंगकामाचे कंत्राटदार शांतपणे म्हणाले, "न जाणं हाही माझा हक्कच आहे."

"आहेच की," ताई म्हणाल्या आणि त्यांच्या पँटी त्यांच्या हातात दिल्या. त्यांच्याशी वाद घालावासा वाटला नाही. त्यांनी निदान विचार तरी केला होता.

दादांना मात्र त्यांनी पुन्हा एकदाही विचारलं नाही. खालचं सगळं बोलणं जिन्यातून वर ऐकू जात होतं.

मतदानाच्या दिवशी ताईंनी शटर अर्ध्यावर ओढलं, मग थांबून पूर्ण खाली ओढलं आणि कुलूप लावलं. सुट्टीच्या दिवशी लाँड्री बंद, हे गल्लीनं पहिल्यांदाच पाहिलं. मतदान शाळेत होतं. रांग वर्गाच्या दारातून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून फाटकापर्यंत आली होती. पुढे उभ्या असलेल्या माणसांच्या पाठी ताई ओळखत होत्या. हा निळा शर्ट काल संध्याकाळचा, ही करडी पँट परवाची.

आत गेल्यावर कर्मचाऱ्यानं त्यांचं नाव मोठ्यानं वाचलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. इतक्या वर्षांत ते कोणी उच्चारलंच नव्हतं. ताईंना क्षणभर वाटलं की दुसऱ्याच कोणाला तरी हाक मारली. आडोशामागे गेल्यावर त्यांनी मतपत्रिका आधी टेबलावर पसरून हातानं सारखी केली. शिक्का उचलला तो उलटाच. तापलेली इस्त्री तीस वर्षं न डगमगता धरलेला हात तो! त्यांना स्वतःचाच राग आला, मग गंमत वाटली. त्यांनी शिक्का नीट, सरळ मारला, कागदाची काटेकोर घडी घातली आणि पेटीत टाकली.

बाहेर आल्या आणि थबकल्याच. रांगेच्या शेवटी, शाळेच्या बाईंनी आणून दिलेल्या खुर्चीवर, दादा बसले होते. रांग पुढे सरकली की कॉलेजची ती मुलगी खुर्ची पुढे सरकवत होती. दादांच्या अंगात धुवट पांढरा शर्ट होता आणि त्याची कॉलर एका बाजूला मुडपलेली होती.

"इस्त्री कोणी केली ही?"

"मी. का? वाईट आहे?"

"भयंकर आहे."

"तुझं दुकान बंद होतं, मग काय करणार!" दादा म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, माझा त्या लोकांवर काडीचा विश्वास बसलेला नाही. उमेदवारासाठी आलो नाही मी. त्यांच्या त्या फाइलीत शहाऐंशी लिहिलंय ना, ते मला झोपू देत नाही. मी पंचवीस वर्षं बस चालवली. रिकामी बस दिसली की ती फेरी रद्द करतात, ठके. मला कळायला हवं होतं."

ताईंनी वाकून त्यांची कॉलर सरळ केली.

चार दिवसांनी निकाल लागला. ताईंनी ज्याला मत दिलं होतं तो पडला. जुने नगरसेवकही पडले. निवडून आल्या त्या एक दंतवैद्य बाई, आणि ताईंना त्या फारशा पसंत नव्हत्या. पण शाळेच्या बाई केंद्राचा आकडा कागदावर उतरवून घेऊन आल्या. नवी नावं धरून मतदार आठशे एकाहत्तर. आले पाचशे सत्तावीस. पाववाल्यानं तो कागद मागून घेतला आणि दोनदा वाचला.

पंधरवडा व्हायच्या आत नव्या नगरसेविका गल्लीत आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. आधी लाँड्रीत आल्या, मग दवाखान्याच्या रिकाम्या खोल्या पाहून आल्या. आल्यावर स्पष्टच म्हणाल्या, "पूर्ण दवाखाना परत आणायला मी शब्द देणार नाही, डॉक्टरच नाहीत तेवढे. आठवड्यातून तीन दिवस सकाळची पाळी सुरू करायचा प्रयत्न करते."

"प्रयत्न म्हणजे किती दिवस?" ताईंनी विचारलं. "तारीख सांगा, म्हणजे आम्हाला कधी यायचं ते कळेल."

नगरसेविका जरा दचकल्या. मग त्यांनी वही काढून तारीख लिहिली.

ती तारीख दोन आठवड्यांनी हुकली. ताई आणि गल्लीतली तीस माणसं त्यांच्या कचेरीत जाऊन बसली. त्यानंतरच्या सोमवारी दवाखान्याचं दार उघडलं. दादा सकाळी आठालाच जाऊन पहिल्या बाकावर बसले. सिस्टरनं पट्टी सोडली आणि कपाळाला हात लावला.

"काय करून घेतलंय हे, ड्रायव्हरदादा! केव्हाच दाखवायला हवं होतं. आता दोन महिने तरी लागतील भरून यायला. आणि गोड खाताय ना अजून?"

"कोण म्हणतं?" दादा कडाडले आणि दोघांचं जुंपलं.

दुपारी पाय टेकत टेकत ते दुकानात आले, स्टुलावर बसले. पायावर नवी पट्टी होती, ताईंच्यापेक्षा जरा ओबडधोबड, पण औषधाची.

"तुझा माणूस पडला ना गं?" त्यांनी विचारलं.

"पडला."

"वाईट वाटलं?"

"वाटलं थोडं." ताईंनी बाही उलटी करून फळीवर पसरली. "पुढच्या खेपेला बघू. तोवर निवडून आल्यात त्यांनाच सांगायचंय. तीन दिवसांत शनिवार नाही, कामावर जाणाऱ्यांनी मग कधी जायचं? शाळेच्या बाई संध्याकाळी अर्ज लिहायला येणार आहेत. तू पण बस."

"मी कशाला?"

"सही करायला. आणि इथल्या बसच्या वेळा गैरसोयीच्या आहेत म्हणत होतास ना तू, तेही बाईंना नीट सांग."

दादांनी काठी भिंतीला टेकवली, फळीवरचा कोरा कागद पुढे ओढला आणि बाई येण्याआधीच बसच्या वेळा एकाखाली एक लिहायला घेतल्या.