गवताचा बांध

ईदच्या चार दिवसांच्या सुट्टीसाठी शहनाझने अमिरातीतल्या फुजैराकडच्या किनाऱ्यावर एका हॉटेलचं छोटं शॅले, म्हणजे समुद्राकाठचं बैठं घर, बुक केलं होतं. तिचं घर अजमानला, पण नवरा शौकत रुवैसच्या रिफायनरीत. पंधरा दिवसांतून एकदा तो चार तास गाडी चालवून घरी यायचा आणि बहुतेक वेळ झोपून काढायचा. अकरा वर्षांची सुमैय्या त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं जपून बोलायची. या वेळी हर्णैहून शौकतचे वडील अलीमियाँही आले होते. शहनाझला या सगळ्यांना एकदा तरी एका जागी निवांत बसलेलं बघायचं होतं.

पहिली संध्याकाळ तशी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खिडकी उघडली आणि रॉकेलसारखा वास आत आला.

हॉटेलचा मॅनेजर दारोदार सांगत फिरत होता. पहाटे दूर समुद्रात दोन जहाजांची टक्कर झाली होती. एकाचं तेल सांडलं होतं आणि तवंग किनाऱ्याकडे सरकत होता. कोणी पाण्यात उतरायचं नाही.

"मी बॅगा भरते," शहनाझ म्हणाली. "तिकडे तेल, सुट्टीला आलो तर इथेही तेल."

शौकत उजवीकडे बघत होता. तिथे समुद्राचं पाणी एका अरुंद तोंडातून आत शिरून खाडी झाली होती. तोंड जेमतेम तीस-पस्तीस मीटरचं, आणि आत कांदळवन पसरलेलं.

"वाळूवरचं तेल खरवडता येतं," तो वडिलांना म्हणाला. "कांदळाच्या मुळांत शिरलं की खलास. वर्षानुवर्षं निघत नाही."

दोघे चालत तिकडे गेले. नगरपालिकेचा एक सुपरवायझर फोनवर बोलत उभा होता. तेल अडवणारे तरंगते पट्टे बंदरातून निघाले होते, पण ते सगळ्याच किनाऱ्यांना हवे होते. इथे पोचायला चार तास लागतील, असं त्याने सांगितलं.

अलीमियाँनी पायजमा वर केला आणि ते काठाच्या ओल्या वाळूत उभे राहिले. तीस वर्षं ते मच्छीमार बोटीवर तांडेल होते, बोट त्यांच्याच हुकमावर चालायची. थोडा वेळ पाण्याकडे बघून ते म्हणाले, "चार तास कुठले? तासाभरात भरती लागेल. पाणी आत ओढायला लागलं की सगळं घेऊनच जाईल."

तवंग दूर समुद्रात काळसर पट्ट्यासारखा दिसत होता. शौकतने सुपरवायझरला आपलं कार्ड दाखवलं. रिफायनरीत सांडलेलं तेल अडवायचं ट्रेनिंग तो दरवर्षी इतरांना द्यायचा. "भैया, पुरानी जाली मिलेगी?" त्याने होड्या वर ओढणाऱ्या मच्छीमारांना विचारलं. "और सूखी घास. जितनी हो सके."

त्यांचा मुकादम रफिक होता, चितगावचा. त्याने एकच विचारलं, "कितनी देर है?" आणि पिकअप घेऊन जवळच्या बकऱ्यांच्या फार्मकडे निघाला. सुपरवायझरने वर फोन लावून परवानगी मिळवली.

शहनाझची दुसरी बॅग भरत आली होती तेव्हा सुमैय्या धापा टाकत आली. "मम्मा, कम अँड सी. अब्बा इज टेलिंग एव्हरीवन व्हॉट टू डू."

शहनाझ बाहेर आली. जाळी वाळूवर लांब पसरली होती, माणसं तिच्यात गवत भरत होती आणि मधे उभा राहून शौकत हिंदीत सूचना देत होता. आवाज चढवलेला नव्हता, पण सगळे ऐकत होते. अशा आवाजात त्याला बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती.

"मी काय करू?" तिने विचारलं.

"आधी ग्लोव्हज घाल. सुमैय्याला पण घाल. ती पाण्यापासून लांब बसेल आणि फक्त गवत मोकळं करेल."

शहनाझने किचनमधले रबरी हातमोजे आणले. गवत टोचत होतं, नाकात जात होतं. जाळी गुंडाळली की तिचा लोडासारखा जाड दोर व्हायचा. तो तरंगावा म्हणून अलीमियाँ त्याला रिकामे कॅन बांधत, आणि त्यांची गाठ कोणी ओढून बघितली तर रागावत. पाऊण तासात बांध तयार झाला. रफिकने एका टोकाचा दोर होडीतून पलीकडच्या काठावर नेला.

"सीधा सामने नहीं," शौकत ओरडला. "तिरछा बांधो."

बांध तिरका ताणून दोन्ही काठांवरच्या खुंट्यांना बांधला गेला आणि थोड्याच वेळात भरती लागली. आधी पाण्यावर रंगीत चकाकी आली, मग तपकिरी साय. बांध आत फुगला. पलीकडचा खुंटा वाळूतून सरकू लागला, तसे रफिक आणि आणखी दोघे दोर कमरेला गुंडाळून मागे रेलले. गवत काळं पडत गेलं. आतल्या बाजूचं पाणी मात्र हिरवंच राहिलं. शहनाझ दोन्ही मुठी आवळून उभी होती. आपण तासाभरापूर्वी निघून जाणार होतो, हे तिला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही.

दुपारी दीडच्या सुमाराला मागच्या डोंगरावरून वारा सुटला. अलीमियाँनी मान वळवून तो गालावर घेतला. "आता बाहेर जाईल," ते म्हणाले. कोणाचा लगेच विश्वास बसला नाही. पण मोठा काळा पट्टा खरोखरच थबकला, मग तुटला, आणि तुकड्यातुकड्यांनी खोल समुद्राकडे सरकू लागला. बंदरातून पट्टे घेऊन बोट आली तेव्हा अडलेलं तेल उपसण्याचंच काम उरलं होतं. बाहेरच्या तवंगावर मोठ्या बोटी आधीच पोचल्या होत्या. सुपरवायझर शौकतचा हात हातात धरून कितीतरी वेळ अरबीत बोलत राहिला. त्यातलं एवढंच कळलं की तोही सकाळपासून घाबरलेला होता.

शौकत वाळूवर बसला तो बसलाच. शहनाझने त्याला पाणी दिलं.

"सॉरी," तो म्हणाला. "तुझी सुट्टी..."

"गप्प बसा," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. तिला हसू येत होतं, ते का ते सांगता आलं नसतं.

सुमैय्या समोर उकिडवी बसली. केसांत गवताच्या काड्या होत्या. "अब्बा, व्हाय नॉट स्ट्रेट? स्ट्रेट वुड बी शॉर्टर."

शौकतने एक काडी उचलली आणि वाळूत खाडीचं चित्र काढलं. पाणी सरळ धडकलं तर तेल खालून कसं निसटतं, बांध तिरका असला तर ते काठाला कसं घसरत येतं, ते तो समजावू लागला. तिने दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. पाचव्या प्रश्नाचं उत्तर त्याला येत नव्हतं, तसं त्याने सांगितलंही.

"देन वी विल फाइंड आउट," सुमैय्या म्हणाली, आणि काडी त्याच्या हातातून घेऊन स्वतःच चित्र काढायला लागली.