शोभेला ठेवलेला काजू कटर

मित्रांनो, मी काजू फोडण्याचा एक जुना कटर आहे. राहतो मात्र अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर नावाच्या विद्यापीठाच्या गावात. इथे हिवाळा संपता संपत नाही आणि काजूचं झाड औषधालाही सापडत नाही. मग तुझं तिथे काय काम, असं तुम्ही विचाराल. काही वर्षं मीही हेच विचारत होतो.

माझा जन्म वेंगुर्ल्याचा. राजाराम लोहारानं मला घडवलं. लाकडी पाट, लोखंडी दांडा, खाली पायानं दाबायची पट्टी आणि समोरासमोर बसवलेली दोन बाकदार पाती. वाफवलेली काजू बी पात्यांमध्ये धरायची, पायानं पट्टी दाबायची आणि हातानं दांडा उचलायचा, की टरफल उघडतं. ऐकायला सोपं आहे. पण पात्यांमधलं अंतर जरा चुकलं की आतल्या गराचे तुकडे होतात, आणि तुकड्यांना अख्ख्या गराचा भाव कोणी देत नाही. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून शैलाबाई हातांना एरंडेल चोळून माझ्यापुढे बसत. त्यांच्या हाताखाली गर सहसा मोडत नसे. कारखान्याचे मालक चंद्रशेखर, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणत. तेव्हा माझी ऐट बघण्यासारखी असे.

पुढे विजेवर चालणारी यंत्रं आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. अण्णांची मुलगी मृणालिनी ॲन आर्बरच्या विद्यापीठात यंत्ररचना शिकवते. २००३ साली माहेरी आली असताना तिनं मला पाहिलं आणि आठवण म्हणून इकडे आणलं. मला घासूनपुसून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभं केलं. पाहुणे माझी तोंडभर स्तुती करत आणि माझ्याच दांड्यावर बर्फानं ओले झालेले कोट अडकवत. तिची मुलगी इशिता शाळेतून आली की लोकरीची टोपी माझ्या डोक्यावर फेकायची. कौतुक होतं, पण काम नव्हतं. कामाच्या वस्तूला अशा कौतुकाचं फार वाईट वाटतं.

२००६ च्या उन्हाळ्यात अण्णा लेकीकडे राहायला आले होते. त्याच सुमारास मृणालिनीची विद्यार्थिनी नीमा जेवायला आली. ती टांझानियातल्या मत्वारा भागातली. ताटातला आमरस पाहून ती म्हणाली, आमच्याकडे याला 'एम्बे' म्हणतात. 'आंबे' आणि 'एम्बे' ऐकून अण्णा मनापासून हसले. जेवणानंतर नीमाची नजर माझ्यावर गेली. तिनं स्तुती केली नाही. ती सरळ गुडघ्यावर बसली, माझी पट्टी दाबून पाहिली आणि याला वीज लागत नाही का, एवढंच विचारलं. त्या क्षणी मला ती पोरगी आवडली.

नीमा आफ्रिकेतल्या उद्योगांचा अभ्यास करत होती. तिनं जे सांगितलं ते मी कान देऊन ऐकलं. कापूस पिकवणारे देश कापड बाहेरून आणतात, कोको पिकवणाऱ्या देशांत चॉकलेट बाहेरून येतं. मोबाइल फोन खेडोपाडी पोचले, पण ते चार्ज करायला वीज पोचली नाही. बँकेचं व्याज परवडत नाही, आणि पावसाळ्यात रस्ते वाहून जातात. एवढं सगळं असूनही लोक हिमतीनं नवे धंदे काढत होते. तिच्या गावात काजूची झाडं गावभर होती आणि काजूचा मोठा कारखाना कुलूप लावून बंद होता. बी पोत्यांत भरून जहाजानं भारतात जायची, आणि फोडण्याची मजुरी भारतात राहायची. नीमाला गावच्या बायकांना घेऊन छोटी शेड काढायची होती. विद्यापीठाची एक समिती तिला अनुदान देणार होती, पण अट अशी की विजेशिवाय अख्खे गर काढून दाखवायचे आणि यंत्र तिच्या गावचा लोहार बनवू शकेल असं हवं. ते जमलं नाही, तर डिसेंबरमध्ये ती रिकाम्या हातानं घरी परतणार होती.

मृणालिनीनं अण्णांकडे पाहिलं. अण्णा 'त्या कटरला गंज चढलाय' असं काहीतरी पुटपुटले आणि झोपायला गेले. मला बिलकूल गंज चढला नव्हता. खरं कारण त्यांनी सकाळी लेकीला सांगितलं. वेंगुर्ल्याच्या कारखान्यातली निम्मी बी आफ्रिकेतून यायची. ती तिकडेच फुटायला लागली, तर आपल्याकडच्या बायकांनी काय करायचं? मला शैलाबाई आठवल्या.

तरीही मला गॅरेजमध्ये हलवलं गेलं. नीमानं विद्यापीठाची परवानगी काढून तिच्या भागातली बी मागवली होती. ती बी मागच्या अंगणात शेगडीवर कुकरमध्ये वाफवायची, मग सुकवायची आणि माझ्यापुढे बसायचं, असं तिचं सुरू झालं. गरामागून गर मोडत होता. तेलानं तिची बोटं काळी पडली, सोलवटली, पण ती हटली नाही. रोज विद्यापीठ सुटलं की बसनं यायची आणि मुकाट्यानं कामाला लागायची. अशी चिकाटीची मुलगी मी क्वचितच पाहिली आहे.

एक दिवस इशिता घरात जाऊन म्हणाली, "आजोबा, शी इज ब्रेकिंग ऑल ऑफ देम."

अण्णा स्वयंपाकघरातून एरंडेलाची बाटली घेऊन गॅरेजमध्ये आले. आधी त्यांनी ती नीमापुढे ठेवली. मग मूठभर बी उचलली, तळहातावर फिरवली आणि पाना मागितला. कोकणची बी जाड, ही बारीक, आणि पाती अजून कोकणच्या बीला बसवलेली होती. अण्णांनी ती हळूहळू जवळ आणली. पण शेवटचा स्क्रू आवळताना त्यांचा हात थांबला.

"काका," नीमा इंग्रजीत म्हणाली, "मी तुमच्यापासून लपवणार नाही. मला जमलं, तर तुमच्याकडे येणारी पोती कमी होतील."

अण्णा दारात उभ्या असलेल्या मृणालिनीकडे वळून म्हणाले, "मी कारखाना काढला तेव्हा मंगळूरच्या माणसानं मला हे काम शिकवलं होतं. त्याचं गिऱ्हाईक तुटणार हे त्यालाही दिसत होतंच ना? सांग तिला, मी शिकवतो." आणि त्यांनी स्क्रू आवळला. नीमानं पट्टी दाबली, दांडा उचलला, आणि पांढराशुभ्र अख्खा गर पाटावर पडला. किती वर्षांनी मला जीव आल्यासारखं वाटलं.

नोव्हेंबरमध्ये समितीपुढे नीमा आणि मी जाऊन आलो आणि अनुदान मंजूर झालं. राहिला प्रश्न लोहाराचा. पात्यांचा बाक कागदावर नीट उतरत नव्हता. मग अण्णांनी माझी दोन्ही पाती सोडवली, फडक्यात गुंडाळली आणि नीमाच्या हातात दिली. मला दुखलं. खोटं कशाला सांगू?

आज २००८ साल आहे. नीमाची शेड चालू आहे आणि तिच्या लोहारानं माझ्या पात्यांवरून ओळीनं कटर घडवले आहेत. तिच्यासारख्या शेडी आता तिकडे आणखीही निघत आहेत. वेंगुर्ल्यात बी कमी येते, महाग येते. अण्णा कोकणातल्या बागांमधून माल गोळा करतात, तरी यंदा कारखाना काही आठवडे बंद ठेवावा लागला. परवा फोनवर मृणालिनीनं त्यांना विचारलं, पस्तावलात का?

"पस्तावलो नाही, पण महागात पडलं," अण्णा म्हणाले. "नीमाला सांग, बीचा दर वाढवलास तरी चालेल, पण गर मोडू नकोस."

मित्रांनो, हल्ली माझ्यावर पुन्हा टोप्या पडतात. मला त्याचं काही वाटत नाही. तुमच्याकडे मात्र एखादं जुनं अवजार नुसतं शोभेला ठेवलेलं असेल, तर ते पुसून परत ठेवू नका. ते चालवू शकणारं माणूस घरात असेतोवर, ज्याला शिकायचं आहे त्याला बोलावून आणा.