सोळा नंबरची नळी

“आधी रंग पाहायचा, तारा. मग नाव घ्यायचं.”

तिला रसायनशास्त्र शिकवणारे मधुसूदन सर जाऊन बराच काळ लोटला होता. पण परीक्षानळी हातात घेतली की ताराला त्यांचा आवाज ऐकू यायचाच. आता ती स्वतः सीताबर्डीवरच्या एका मुलींच्या कॉलेजात अकरावीला शिकवत होती आणि वर्गालाही हेच सांगत होती. फळ्यावर नावं लिहून दिलेली होती. पदार्थाचा रेणू उष्णतेनं तुटला तर औष्णिक अपघटन, विजेनं तुटला तर विद्युत अपघटन, पाणी लागून तुटला तर जलापघटन. आजचा प्रयोग तिसऱ्याचा. भाताच्या पेजेत आयोडीन टाकलं की ती निळीशार होते. त्यात थोडी लाळ घालून नळी कोमट पाण्यात धरली की पेजेतला स्टार्च तुटतो, त्याची साखर होते आणि निळा रंग हळूहळू निघून जातो.

सगळ्या मुलींच्या नळ्यांतला रंग गेला. प्रेमिलाच्या नळीतला गेला नाही.

शेजारणी म्हणाल्या, लिहून टाक गेला म्हणून, कोण पाहतंय. एकीनं तर टोमणाच मारला, की हिच्या तोंडात पेजसुद्धा पचत नाही. बाकीच्या हसल्या. तास संपत आला होता. ताराने नेहमीच्या हळू आवाजात सांगितलं, जलापघटन झालं असं लिही आणि वही दे.

“रंग तर नाही गेला, मॅडम,” प्रेमिला म्हणाली. “मग तुटलं असं कसं लिहू? तुम्हीच म्हणता ना, आधी रंग पाहा.”

तिची वही कोरीच आली. कोऱ्या वहीला गुण नाहीत. आणि प्रॅक्टिकलला नापास होतील त्या मुलींना सोमवारपासून आर्ट्सला बसवायचं, हे प्राचार्यांनी आधीच जाहीर केलं होतं.

तारा नेमधर्माची बाई. पहाटे अंघोळ, पोथीचा अध्याय, तुळशीला पाणी. चातुर्मासात परान्न तर नाहीच, दुसऱ्याच्या घरचं पाणीही नाही; आणि आता चातुर्मासच चालू होता. लाळेच्या नळ्या प्रयोगशाळेतला गडी रुपराव साबणानं धुवायचा. एक नळी मात्र तारा स्वतः ॲसिडनं धुवायची. सोळा नंबरची. सोळा हा प्रेमिलाचा हजेरी नंबर, आणि प्रेमिला इंदोऱ्यातल्या बौद्ध घरची मुलगी. हे असं का, ते ताराला कधी कुणी विचारलं नव्हतं. तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं.

काल नळीत ॲसिड ओतलं आणि नळाचं पाणी गेलं. बाटलीच्या तळाशी होतं तेवढ्या पाण्यात विसळून तिनं नळी उपडी घातली होती.

मुली गेल्यावर तिनं सोळा नंबरच्या नळीत चिमूटभर खायचा सोडा टाकला. निळ्या पाण्यातून बारीक बुडबुडे वर आले. ॲसिड राहिलंच होतं. ॲसिडात लाळेचं काही चालत नाही, हे ती दरवर्षी मुलींना शिकवत आली होती.

तिनं नळी धुऊन ठेवली. या वेळी नुसत्या पाण्यानं.

शनिवारी प्रेमिला आली नाही. तिची आई इंदूबाई आली आणि फाटकाशी उभी राहिली.

“पोरगी म्हणते, माह्या तोंडातच खोट हाय. कॉलेजात यायचं नाही म्हणून राहिली. खरंच काही बिमारी असन तर सांगा, मॅडम. मेडिकलच्या दवाखान्यात दाखवून आणीन.”

“खोट तिच्या तोंडात नव्हती. नळीत होती. मी ती ॲसिडनं धुतली होती.”

“सगळ्यायच्याच धुतल्या?”

“नाही. तिचीच.”

इंदूबाईनं पदर खांद्यावर नीट करून घेतला. मग म्हणाली, “काहून, ते मी नाही विचारत. पण हे तिले तुम्हीच सांगा. उद्या घरी या. चहा घेऊन जा.”

“येईन,” तारा म्हणाली. आणि इंदूबाई वळत होती तेव्हा म्हणाली, “घेईन.”

प्राचार्यांना तिनं झालं ते सांगितलं. त्यांना फार ऐकायचं नव्हतं. मग तिनं एवढंच मागून घेतलं, की सोमवारी सकाळपर्यंत प्रेमिलाची वही आपल्यापाशी राहू द्यावी.

रविवारी पोथीचा अध्याय जरा लवकर आटोपला. ताराने कापडी पिशवीत आयोडीनची बाटली ठेवली, प्रेमिलाची वही ठेवली आणि रुमालात गुंडाळून दोन नळ्या ठेवल्या. एक सोळा नंबरची, दुसरी तिच्या स्वतःच्या लाळेसाठी. दोन्ही एकाच पेल्यातल्या कोमट पाण्यात धरायच्या होत्या. पेज इंदूबाईच्या घरच्या भाताची चालणार होती.

दारात जाऊबाई यमुताई शेंगा सोलत बसली होती. तिनं विचारलं, एवढ्या सकाळी कुठे, आणि परत कधी. ताराने चपला पायात सरकवल्या.

“इंदोऱ्याला,” ती म्हणाली. “चहा घेऊन येते.”

यमुताईचा हात शेंगांवर थांबला. तारा फाटक लोटून रस्त्याला लागली होती.