अमरावतीहून आणलेली कुपी

पार्वताबाई अचलपूरजवळच्या गावातून बर्फाच्या डब्यात दूध घेऊन अकोल्याच्या प्रयोगशाळेत पोचल्या, त्या तावातावानेच.

"आठ दिवस झाले, थो डेअरीवाला आमचं दूध वापस पाठवून राहिला. म्हनते, तपासायच्या पट्टीवर औषध दिसते!" त्या तिथं दूध तपासणाऱ्या दीपमालाला म्हणाल्या. "म्हशीले सुई टोचली का आमी तिच्या शिंगाले लाल चिंधी बांधतो. सात दिवस तिचं दूध डब्यात पडत नाई. अठरा बाया हावो आमी, एकीनंही नेम मोडला नाई. मंग औषध आलं कुठून?"

दीपमालाने त्यांना पाणी दिलं आणि दुधाचा अर्क यंत्रात सोडला. सातव्या मिनिटाला पडद्यावर रेष वर चढली.

"मावशी, पीक तर आलं इथं."

"आमच्या दुधात पीक?"

दीपमालाला हसू फुटलं. "या उंच टोकाले पीक म्हणतात. पण थे औषधाचंच आहे, असं आताच नाही सांगता येत. खऱ्या औषधाची शुद्ध पूड मिळते, रेफरन्स स्टँडर्ड म्हणतात तिले. तिच्याशी ताडून पाहावं लागते. आमची जुनी कुपी मुदतीबाहेर गेली, अन् नवी चुकून अमरावतीच्या गोदामात उतरली. तिचा बर्फ संध्याकाळपर्यंतच टिकते, मंग पूड खराब होते."

"मंग बसली काहून? चाल, मी बी येतो."

दुपारी अमरावतीला खोकं हातात आलं. परतीच्या एसटीत दीपमालाने ते लेकरासारखं मांडीवर धरलं होतं. मूर्तिजापूरच्या अलीकडे टायर पंक्चर झालं. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. खोक्याच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकू लागलं. दीपमाला रडकुंडीला आली. पार्वताबाई मात्र पदर खोचून रस्त्यापलीकडच्या रसवंतीवर गेल्या.

"भाऊ, बर्फ दे."

"बाई, थो रसासाठी आहे."

"लोकाइले एक दिवस बिनबर्फाचा रस पाज. अठरा घरचं दूध अडकलं इथं!"

रसवंतीवाल्याने स्वतःच बर्फ फोडून पिशवीत भरून दिला आणि उरलेला चुरा रुमालात बांधून खोक्यावर ठेवला.

संध्याकाळी पाच वाजता कुपी उघडली, तेव्हा पूड थंडगार होती. दीपमालाने ती अचूक तोलून विरघळवली आणि यंत्रात सोडली. दुधातलं पीक सातव्या मिनिटाला आलं होतं. पुडीचं आलं साडेसातला. पण दुधामुळेही वेळ थोडी मागेपुढे होऊ शकते, म्हणून तेवढ्यावर तिला भरवसा ठेवायचा नव्हता. तिने दुधाच्या अर्कातच थोडी पूड मिसळली. दोन्ही एकच असतील, तर आधीचं पीक नुसतं उंच व्हायला हवं होतं.

रेष चढली, उतरली आणि पुन्हा चढली.

"दोन!" दीपमाला खुर्चीतून उडालीच. "मावशी, दोन पिकं! तुमच्या दुधातलं थे औषध नाही, दुसरंच काही आहे. गावात नुकत्या व्यालेल्या म्हशी आहेत का?"

"दोन हायेत. दोघीही मागच्याच हप्त्यात व्याल्या."

"चिकाच्या दुधानं डेअरीची पट्टी कधी कधी फसते. थे दूध थोडे दिवस वेगळं ठेवा."

पार्वताबाईंनी मोबाइल काढला, गावातल्या ललिताला लावला आणि स्पीकर चालू केला. सगळ्या बाया तिच्या ओट्यावर जमलेल्या होत्या.

"वाच, पोरी. मोठ्यानं वाच."

दीपमालाने अहवालातला शेरा वाचला, "आढळले नाही."

पलीकडून ललिताने भीतभीत विचारलं, "म्हंजे पास का नापास?"

"पास!" दोघी एकदमच ओरडल्या.

फोनमधून असा गलका उठला की शेजारच्या खोलीतले साहेब धावत आले. पार्वताबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि गदागदा हलवले.