डेल्फाच्या रायफलीचा जुना खटका

मी एक जुना खटका आहे. रायफलीच्या सेफ्टीचा खटका. मला आडवे केले की चाप ओढूनही गोळी सुटत नाही, उभे केले की सुटते. माझे काम एवढेच.

मित्रांनो, मी बोलावे की नाही, याचा मी खूप विचार केला. पण एका पत्राने मला गप्प बसू दिले नाही. ते ऑक्टोबरात आले आणि चार महिने एल्डन प्रुइटच्या दुकानात, मी ज्या कॉफीच्या डब्यात पडलो होतो त्याच डब्याखाली, बिनउत्तराचे राहिले. एल्डन बंदुका दुरुस्त करतो. एकटा माणूस, सगळे मोठ्याने वाचतो, म्हणून ते मला कळले.

"एल्डन, तू बसवलेला नवा खटका मी आडवा करते आणि रायफल म्यानात घालते. काढते तेव्हा तो उभा असतो. माझं काय चुकतंय, तेवढं कळव. घरचे म्हणतात, मी विसरते. – डेल्फा स्ट्रिंगम."

"माझ्या टेबलावर तर नीट चालत होता," एल्डन पुटपुटला, आणि त्याने पत्रावर डबा ठेवला.

ही डेल्फा अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात मेंढ्या पाळते. कारखान्यातून निघालो तो मी तिच्याच रायफलीत आलो आणि सव्वीस वर्षे तिथे राहिलो. ती डावखुरी. मी मात्र रायफलीच्या डाव्या बाजूला, उजव्या हाताच्या माणसाच्या अंगठ्यासाठी केलेला. बिचारी तर्जनी वाकडी करून मला फिरवायची. कोकरे जन्मायच्या दिवसांत कायोटी, तिथले कोल्ह्यासारखे लांडगे, कळपाभोवती घिरट्या घालत, तेव्हा ती घोड्यावरून हिंडे आणि रायफल खोगिराला बांधलेल्या चामड्याच्या म्यानात असे. म्यानात घालण्यापूर्वी ती मला आडवे करी, माझा 'टक्' आवाज कान देऊन ऐके आणि म्हणे, "झोप आता." सव्वीस वर्षांत ती एकदाही विसरली नाही. याला साक्षीदार मी एकटाच होतो, आणि मला कोणी विचारले नाही.

पुढे तिच्या बोटांचे सांधे धरले. एल्डनने तिच्यासाठी दोन्ही बाजूंना बोटाने ढकलायची पात असलेला नवा खटका मागवला. पाकिटावर छापले होते, 'कोणत्याही रायफलीत बसतो, घासायची गरज नाही.' मित्रांनो, हे वाक्य आठवले की आजही माझा संताप होतो. माझ्याखाली स्प्रिंगवर एक बारीक खिळी होती. तिचे टोक माझ्या खाचेत झिजून झिजून माझेच झाले होते. नव्याची खाच उथळ. टोक तिच्यात शिरलेच नाही, काठावरच टेकले. एल्डनने पाच वेळा अंगठ्याने फिरवून पाहिले आणि म्हणाला, "बसला." मी डब्यातून ऐकत होतो. 'टक्' नव्हते, नुसते 'टुक' होते. पण मला वाटले, हा माझाच मत्सर असेल. काढून टाकलेल्याला नव्याचे काय चांगले ऐकू येणार?

फेब्रुवारीत डेल्फाचा धाकटा भाऊ वेंडेल रायफल घेऊन आला, म्यानासकट.

"विकून टाक," तो म्हणाला. "डेल्फाचं डोकं आता चालत नाही. तिसऱ्यांदा म्यानात सेफ्टी उघडी सापडली. घोड्याच्या पायात गोळी घालील नाहीतर माझ्या. मे महिन्यात मेंढ्या डोंगरावर न्यायच्या, तेव्हा तिला घरीच ठेवायचं ठरलंय."

"ती काय म्हणते?"

"म्हणते, मी लावली होती. आईसुद्धा शेवटी असंच म्हणायची, शेगडी मी बंद केली होती."

वेंडेल हसला. जिने पन्नास वर्षे त्या डोंगरावर कळप नेला, तिला हे घरी बसवणार, तेही एका उथळ खाचेपायी.

एल्डनने रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहिले, खटका आडवा केला आणि सहज, खुंटीला टांगायची म्हणून, ती म्यानात घातली. मग काय मनात आले कोण जाणे, पुन्हा बाहेर काढली. खटका उभा.

"तू हात लावलास?"

"मी कॉफी पितोय."

त्याने पुन्हा घातली, या वेळी अगदी सावकाश, डोळा म्यानाच्या तोंडाशी नेऊन. उजव्या बाजूची नवी पात चामड्याच्या कडेला अडली आणि हळूच वर झाली. आवाजही आला नाही.



"तू तपासलं होतंस ना?" वेंडेल म्हणाला.

"टेबलावर. डेल्फा टेबलावर बसून कायोटी मारत नाही."

त्याने डबा उचलून पत्र काढले आणि वेंडेलसमोर मोठ्याने वाचले. 'माझं काय चुकतंय, तेवढं कळव' हे वाक्य त्याने दोनदा वाचले. वेंडेलने टोपी काढून हातात घेतली. मग एल्डनने मला डब्यातून काढले, पुसले आणि त्याच जुन्या खिळीवर माझ्या जागी बसवले. टक्. कागद घेऊन तो लिहायला बसला.

"डेल्फा, तुझं काही चुकत नव्हतं. चूक माझी आहे. या पत्रासोबत पाठवलेला नवा खटका तुझ्या म्यानाच्या कडेला लागून उघडतो, आणि मी तो म्यानात घालून कधी पाहिलाच नाही. तुझं पत्र ऑक्टोबरातच मिळालं होतं. जुना खटका परत बसवलाय. बोटाला सोपं पडेल असं काही शोधतो, पण आधी तुझ्या म्यानात घालून बघेन. हे घरात सगळ्यांना वाचून दाखव. – एल्डन."

"दे, मी नेतो," वेंडेल म्हणाला.

"नको. तुझ्या हातून गेलं तर वाटेत त्याचं 'थोडंसं चुकलं होतं' होईल. रायफलही तिच्याच हातात देईन. तिला घेऊन ये."

मित्रांनो, जुन्या यंत्रात नवा भाग जरूर बसवा. मी काही अमर नाही. पण तो जिथे वापरला जातो तिथे नेऊन पाहा. आणि एखादे म्हातारे माणूस 'मी लावलं होतं' म्हणाले, तर त्याच्या डोक्याआधी ती वस्तू तपासा.

रायफल ठेवलेल्या खिडकीजवळच्या लाकडी घोडीवरून मला सगळे दिसत होते. एल्डन बर्फातून रस्त्याकडेच्या टपालपेटीपर्यंत गेला. पाकीट आत ठेवून त्याने, टपाल न्यायचे आहे याची खूण म्हणून, पेटीची लाल पट्टी वर केली आणि टपालगाडी येईपर्यंत तिथेच उभा राहिला. टपालवालीने पाकीट उचलले, पट्टी खाली पाडली आणि ती डेल्फाच्या रस्त्याला वळली.