मध्येच थांबवलेलं गाऱ्हाणं

गुरुप्रसादची नोकरी गणेश चतुर्थीनंतर लगेचच गेली, आणि ती कशाने गेली हे त्याला पुरतं ठाऊक होतं. दोष नशिबाचा नव्हता की ग्रहांचाही नव्हता. राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर कायमचा मुक्कामाला होता, त्या दिवशी तो हातात उतरला, एवढंच.

गोव्यातल्या एका मोठ्या हॉटेलात तो एसी आणि फ्रीजची देखभाल करायचा. कामात एक नंबर. पण एका साखरपुड्याच्या संध्याकाळी मॅनेजरने त्याला पाहुण्यांदेखत 'कामचोर' म्हटलं. गुरुप्रसाद मुकाट्याने खाली गेला, अख्ख्या हॉलचा एसी बंद केला, खोलीला कुलूप घातलं, चावी खिशात टाकली आणि समुद्रावर जाऊन बसला. वर नवरीचा मेकअप, आइस्क्रीम आणि मॅनेजरची अब्रू अशी तिन्ही एकदमच वितळली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घरी पाठवलं. मॅनेजर चुकला होता हे खरंच, पण त्या बिचाऱ्या मुलीने आपलं काय घोडं मारलं होतं, हा प्रश्न त्याला परतीच्या बसमध्ये पडला आणि मग काही केल्या पाठ सोडीना.

घरी आई हौसाबाई अंगण झाडत होती. मुलगा अवेळी आलेला बघून तिने विचारलं, "काय रे झिला, रजा घेतलंस?"

"हाटेलाचा रिपेरिंग काढल्यानी," गुरुप्रसाद म्हणाला. "काम बंद आसा. पगार चालू आसा."

आता एवढं थापायची काही गरज होती का? पण 'पगार चालू' हे दोन शब्द हौसाबाईला असे काही आवडले की संध्याकाळपर्यंत ते वाडीभर झाले. आपला मुलगा घरी बसून पगार खातो, म्हणजे तो किती मोठा माणूस असेल, असा तिचा साधा हिशेब होता. खरं काय ते फक्त गुरुप्रसादच्या बायकोला, विनीताला माहीत होतं. ती दोन दिवसांआड म्हणायची, "आवशीक सांगा. आज ना उद्या कळतलाच." आणि हा म्हणायचा, "नवी नोकरी मेळांदे, मगे सांगतंय."

नवी नोकरी शोधायला तो ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा वेळच्या बसने जायचा. कुडाळला गेला, कणकवलीला गेला, वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यातही जाऊन आला. सगळीकडे सुरुवात छान व्हायची. हातातलं काम बघून समोरचा माणूस खूश व्हायचा, चहा मागवायचा, आणि चहा येता येता म्हणायचा, "आधीच्या साहेबांचा नंबर द्या हो, जरा बोलून घेतो." तिथे गाडं अडायचं. एका ठिकाणी त्याने हिय्या करून नंबर दिला. त्या माणसाने समोरच फोन लावला, बराच वेळ नुसतं ऐकलं आणि मग "कळवतो" म्हणाला. कळवायचं काय ते त्याच्या तोंडावर कळलंच होतं.

गंमत अशी, की गावात काम नव्हतं असं नाही. किनाऱ्यावर घरोघरी होमस्टे झाले होते, त्यांचे एसी गळत होते. कोळंबीवाल्यांचे फ्रीजर बंद पडत होते. मासेविक्या बायकांच्या सोसायटीचं कोल्ड स्टोअरेज तर महिन्यातून दोनदा मान टाकायचं, आणि कुडाळचा मेकॅनिक "उद्या येतो" म्हणून चार दिवस यायचा नाही. सोसायटीची अध्यक्ष शेवंती एकदा आपण होऊन गुरुप्रसादच्या दारात आली होती. पण हॉटेलातला भरपगारी माणूस गावात पाना घेऊन हिंडायला लागला तर लोक काय म्हणतील? संशय नाही का येणार? तेव्हा गुरुप्रसादने खुर्चीतून न उठता तिला सांगितलं, "शेवंतीकाकी, मी मोठ्या प्लांटवर काम करतंय. असली बारकी कामा माका जमाची नाय." घरातली शिल्लक संपत आली होती आणि आलेलं काम त्याने स्वतःच्या तोंडाने परत धाडलं होतं. त्या दिवशी त्याला स्वतःचीच लाज वाटली.

मार्गशीर्षात रवळनाथाची जत्रा आली. देवळात मुंबईची माणसं, माहेरवाशिणी, पोराबाळांची ही गर्दी. गाऱ्हाणं घालायला मानकरी महादू गावकर उभा होता. महादूचा आवाज असा, की देवाला आणि देवापलीकडच्या वाडीलाही एकदमच ऐकू जावा. गाऱ्हाणं म्हणजे ज्याचं जे मागणं असेल ते महादूने देवाला मोठ्याने सांगायचं, आणि जमलेल्या सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. मागणं एकट्याचं असलं तरी शब्द सगळ्या गावाचा पडतो.

हौसाबाई पुढे झाली, तिने नारळ ठेवला आणि महादूच्या कानात काहीतरी सांगितलं. गुरुप्रसाद खांबाला टेकून उभा होता. त्याला वाटलं, आई आपल्या गुडघ्यांचं मागत असेल.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा," महादूने सुरुवात केली. "आज ही हौसाबाई तुझ्या पायाकडे नारळ ठेवन उभी आसा. तिचो झील गुरुप्रसाद गोव्याक मोठ्या हाटेलात कामाक आसा. बसल्या जाग्यार पगार खाता, ही तुझीच कृपा, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," गाव म्हणालं.

माणसांशी खोटं बोलणं वेगळं. इथे सगळा गाव गुरुप्रसादसाठी देवासमोर खोटी साक्ष देत होता, आणि गावाला त्याचा पत्ताही नव्हता. पलीकडे बायकांत उभी असलेली विनीता खाली मान घालून पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

"तर त्याका बढती दी, त्याचो पगार..."

"महादूकाका, वायच थांबा," गुरुप्रसाद म्हणाला. "माझी नोकरी गेली हा."

गाऱ्हाणं मध्येच कुणी थांबवत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाही असं कधी झाल्याचं आठवत नव्हतं. महादू हात जोडलेले तसेच ठेवून वळला.

"कधी गेली?"

"चतुर्थी झाल्यार."

"कित्याक?"

"ता हयसर सांगू?"

"मगे खंय सांगतलंस? देवाकडे अर्धवट गाऱ्हाणा चलना नाय."

तेव्हा गुरुप्रसादने सांगितलं. मॅनेजर काय बोलला ते, कुलूप, चावी, समुद्र, सगळं सांगितलं. आइस्क्रीम वितळल्याचं आलं तेव्हा मागे पोरं फिसकन हसली, पण मोठ्यांनी डोळे वटारले तशी गप्प झाली. शेवटी महादूने विचारलं, "चूक कोणाची?"

"मॅनेजर बोललो ती त्याची. एसी बंद केलंय ती माझी."

महादूने देवाकडे वळून घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा, आधी सांगलंय ता चुकीचा, ता परत घेतंय. ह्या तुझ्या लेकराची नोकरी गेली हा. रागाच्या भरात त्याच्या हातान चूक झाली, ती त्याने सगळ्यांसमोर कबूल केल्यान. ती पोटात घाल. त्याच्या हातात कसब दिलंस, तसो डोक्यात थंडावो दी, आणि त्याच्या हाताक काम दी, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

मघापेक्षा आवाज मोठा होता. आणि तो विरल्यावर, सगळ्यांच्या मागून, एक बारीक, कापरा "होय म्हाराजा" आला. तो हौसाबाईचा होता. गुरुप्रसादचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

प्रसादाच्या रांगेत त्याच्या खांद्यावर थाप पडली. मागे शेवंती होती.

"काय रे, मोठ्या प्लांटवाल्या? आमचा बारका काम आता जमतला?"

"काकी, माझा चुकला."

"ता मघाशी ऐकलंय. सकाळी ये. म्हयन्याचो पगार ठरवया, हाटेलाइतको मेळाचो नाय, पण येळेर मेळतलो. आणि राग इलो तर भायर दर्यार जाऊन बोंब मार. बटनाक हात लावशीत तर याद राख, आत आमची सगळ्यांची मासळी आसता."

गुरुप्रसादने सवयीने विचारलं, "आधीच्या साहेबाचो नंबर देऊ?"

"तो कित्याक? अजून काय सांगूचा रवला हा?"

शेवंती हसत हसत पुढे गेली. जत्रेतून बाहेर पडेपर्यंत दोन होमस्टेवाल्यांनी त्याला गाठलं, आणि दोघांचीही तक्रार तीच होती. फ्रीज कधीपासून बंद होता, पण तू बडा माणूस, तुला कसं सांगायचं?

घरी येताना हौसाबाई दोघांच्याही पुढे चालत आली. विनीताने पानं वाढली. गुरुप्रसादचा हात भाताकडे जाईना.

"आये, रागावलंस?"

"रागावलंय," ती म्हणाली. "नोकरी गेली म्हणान नाय. नोकऱ्या जातत, येतत. त्या मॅनेजरान तुका काढल्यान, तेव्हा तुझ्या बाजून कोण बोललो?"

"कोण नाय."

"आणि तू घराकडे येवन पुन्हा एकटोच रवलंस. दर सोमवारी मी देवाकडे तुझी बढती मागतंय, नारळावर नारळ ठेवतंय. देव तरी काय करतलो? त्याका पण वाटला, झील बरो आसा."

गुरुप्रसादला हसू आलं आणि हसता हसताच रडू आलं. हौसाबाईने त्याच्या भातावर कढी वाढली आणि सकाळी लवकर उठायचं आहे, आता जेव, असं सांगितलं.