कागदाएवढा फरक

मित्रांनो, मला तळहातावर घेतलंत तर तुम्हाला आधी एखादं जाड नाणंच वाटेल. मी पोलादाची एक जुनी चकती आहे. माझ्या एका बाजूला इंग्रजी यू अक्षरासारखी खाच आहे आणि पाठीवर एक आकडा कोरलेला आहे. मला शेल होल्डर म्हणतात. मराठीत मला वेगळं नाव नाही. पण ज्या घरात मी आयुष्य काढलं ते घर मराठी, म्हणून गोष्टही मराठीतच सांगतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. यंत्राने कापून मला आकार दिला, भट्टीत तापवून कठीण केलं आणि तेलात बुडवून बाहेर काढलं. त्याच कारखान्यात माझा जोडीदार घडला. तो म्हणजे डाय, आतून पोकळ असलेला पोलादी साचा. आमची मापं एकमेकांशी जुळवूनच ठरवली होती आणि आम्ही दुकानातही शेजारी शेजारीच होतो.

आमचं काम आधी समजून घ्या. रायफलीतून गोळी सुटली की पितळेची रिकामी पुंगळी मागे उरते. आतल्या स्फोटाने ती थोडी फुगलेली असते. ती पुन्हा वापरायची तर तिला मूळ मापात आणावं लागतं. त्यासाठी टेबलावर एक प्रेस, म्हणजे हाताने चालवायचं दाबयंत्र, बसवतात. प्रेसच्या खालच्या खांबावर मी बसतो आणि पुंगळीची कड माझ्या खाचेत पकडतो. डाय वर घट्ट पिळून बसवलेला असतो. दांडा ओढला की मी पुंगळीला घेऊन वर जातो, ती डायमध्ये शिरते आणि माझा काठ डायच्या तोंडाला टेकला की आम्ही थांबतो. पुंगळी किती दाबली जाणार, ते त्या टेकण्यावर ठरतं. हे काम जाणत्या मोठ्या माणसांचं आहे, तुम्ही मात्र ते फक्त ऐकायचं.

आम्हा दोघांना मनोहररावांनी विकत घेतलं. ते नागपूरहून धातुशास्त्र शिकायला पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी आले, पुढे तिथेच स्प्रिंगच्या कारखान्यात नोकरीला लागले आणि कालांतराने अमेरिकेचे नागरिक झाले. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने त्यांना एकदा गावाबाहेरच्या रायफल क्लबमध्ये नेलं आणि ते तिथलेच होऊन गेले. घरात अंडंसुद्धा शिजत नसे. मनोहररावांनी जन्मभर नेम धरला तो फक्त कागदावर.

त्यांच्या पत्नी सुवर्णाबाईंना सुरुवातीला हे अजिबात पसंत नव्हतं. मग एका रविवारी त्या नवऱ्याबरोबर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, गेल्या, घडीच्या खुर्चीत बसल्या, थर्मासमधला चहा प्यायल्या आणि कानांवर आवाज अडवणारे मफ चढवून दिवसभर क्रोशाचं विणकाम करत राहिल्या. घरात फोन वाजतो तसा तिथे वाजत नाही, एवढं एक कारण त्यांना पुरलं. त्यानंतर त्यांनी एकही सामना चुकवला नाही.

ती वर्षं माझ्या भरभराटीची होती. तळघरातल्या टेबलावर मनोहरराव दांडा ओढत आणि मी डायला टेकलो की हलकेच टक असा आवाज येई. त्या आवाजावर ते मान डोलवत. क्लबमधली माणसं म्हणत, मनोहरची पुंगळी हातात घेतली की न बघता कळतं. पाहुण्यांना ते मला दाखवत आणि सांगत की डाय आणि होल्डर एकाच घरचे असावेत. लोक हसून मान हलवत, पण मला फार अभिमान वाटे.

त्यांची एकुलती एक मुलगी इला याच गावात वाढली आणि गुरांची डॉक्टर झाली. आसपासच्या डेअरी फार्मवर तिची रोजची फेरी असे. गाईच्या पोटातलं वासरू चाचपून ओळखणारे तिचे हात शांत होते आणि बापाची रायफल त्या हातांत शोभली. याच सुमारास मनोहररावांच्या डोळ्यांना असा आजार झाला की समोरच्या दृश्याचा मधलाच भाग पुसला जाऊ लागला. कडेचं अंधुक दिसे, पण ज्याच्याकडे पाहावं तेच दिसेना. त्यांनी नेमबाजी सोडली. पण पुंगळ्यांचं काम सोडलं नाही. बापलेकीने वाटणी केली. काडतुसाची दारू तोलणं आणि भरणं इलाने करायचं, पुंगळ्या मापात आणणं बाबांनी. त्यांची बोटं जे काम करत, ते करायला डोळ्यांची गरजच नव्हती.

त्यांच्या वाढदिवसाला इलाने एक नवी मोठी प्रेस आणली. जुन्या प्रेसचा दांडा जड झाला होता, बाबांचा खांदा दुखायचा, म्हणून अगदी मायेने आणली. तिच्याबरोबर एका सुंदर पेटीत शेल होल्डरचा नवाकोरा संचही आला. डाय चांगला होता, तो नव्या प्रेसवर चढला. पेटीतला माझ्याच आकड्याचा होल्डर माझ्या जागी बसला. आकडा तोच, पण कंपनी वेगळी. मी जुन्या प्रेसवर तसाच राहिलो आणि आम्हा दोघांना पाण्याच्या बंबाशेजारी फडताळावर ठेवून दिलं. तिथे ओल होती. माझ्या काठावर गंजाचे ठिपके उमटले. टेबलावरचा टक आवाज मला ऐकू येई, पण त्यात मी नव्हतो.

वसंतात क्लबचा मोठा सामना होता. त्या दिवशी काय झालं ते मी नंतरच्या बोलण्यातून ऐकलं. इला सहाशे यार्डांच्या रांगेत पोटावर झोपून नेम धरायला सज्ज झाली. पहिलं काडतूस घातलं तर रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत बंद करणारी पोलादी खीळ, मिटेना. दुसरंही तसंच. तिने जोर लावला नाही, तिला तसं शिकवलेलंच नव्हतं. हात वर करून तिने रेंज ऑफिसरला बोलावलं आणि सामन्यातून माघार घेतली.

क्लबमधले संग्राम पिट्सबर्गहून येत, आयटीत होते आणि मनाने चांगले होते. त्यांनी पार्किंगमध्ये मनोहररावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, आता हे राहू द्या ना. डोळ्यांचा प्रॉब्लेम असताना एवढी रिस्क कशाला?"

कुणी वाईट हेतूने बोललं नव्हतं, पण ते शब्द जिव्हारी लागले. घरी आल्यावर मनोहररावांनी लेकीला सांगितलं की यापुढे काडतुसं विकत आणत जा, माझ्या हातचं नको. त्यानंतर ते तळघराचा जिना उतरले नाहीत. रेंजवर जाणंही थांबलं. सुवर्णाबाईंनी दोनदा आग्रह केला, मग त्यांनीही खुर्ची गॅरेजमध्ये टांगून ठेवली. दिवसभर ते खिडकीपाशी बसून राहत आणि कुणी चहा दिला तर कप नक्की कुठे आहे ते विचारत. पूर्वी त्यांनी असं कधीच विचारलं नव्हतं.

इलाला ते पाहवेना. पण नुसतं वाईट वाटून घेण्याचा तिचा स्वभाव नव्हता. आजारी गाईचं काय बिनसलं हे शोधताना ती आधी विचारते, कालपासून बदललं काय. तोच प्रश्न घेऊन ती एका शनिवारी सकाळी तळघरात आली. जुन्या डब्यात बाबांनी गेल्या शरद ऋतूत मापात आणलेल्या, दारू न भरलेल्या पुंगळ्या होत्या. तिने त्यातली एक रिकामी रायफलीत घालून पाहिली. बोल्ट बोटाने मिटला. नव्या प्रेसवरची रिकामी पुंगळी घातली, बोल्ट अडला. ती तिथेच स्टुलावर बसली. गेल्या शरदातही बाबांचे डोळे इतकेच अधू होते. मग डोळ्यांचा दोष कसा?

तिने फडताळावरून जुनी प्रेस उचलली आणि मला खांबावरून सरकवून काढलं. किती दिवसांनी मला कुणाचा तरी हात लागला.

वर जाऊन तिने बाबांना खाली बोलावलं. ते नको म्हणाले. तिने वाद घातला नाही, मला आणि नव्या होल्डरला त्यांच्या दोन तळहातांवर ठेवलं.

"बाबा, डाय तोच आहे. प्रेस बदलली आणि हा बदलला. मला डिफरन्स दिसत नाहीये. तुम्ही बघा."

"मी बघू?" मनोहरराव म्हणाले.

"हो. तुम्हीच."

ते बराच वेळ आम्हाला चाचपत राहिले. मग उठले, कठडा धरून जिना उतरले आणि टेबलाच्या खणातून एक अरुंद पोलादी पट्टी काढली. आम्हा दोघांना तोंडासमोर तोंड करून ठेवलं आणि ती पट्टी दोघांच्या खाचांत सरकवून दाबून धरली, म्हणजे पुंगळी जिथे टेकते ती आमची आतली बैठक एका पातळीत आली. मग त्यांनी अंगठ्याचं नख माझ्या काठावरून नव्याच्या काठाकडे हळूच ओढलं.

नख अडकलं.

त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा तिथेच अडकलं. इलाने मापाचं कॅलिपर लावलं. नव्याचा काठ माझ्यापेक्षा उंच होता, तोही फक्त एका कागदाच्या जाडीएवढा. नव्या होल्डरचीही यात काही चूक नव्हती. तो त्याच्या घरच्या डायसाठी घडला होता. आमच्या डायला मात्र तो वेळेआधीच टेकत होता, म्हणून पुंगळी तेवढी कमी दाबली जात होती आणि तेवढ्यानेच बोल्ट अडत होता.

"म्हणजे माझा हात चुकला नव्हता," मनोहरराव म्हणाले.

"नाही, बाबा. मी चुकीची जोडी लावली होती."

तेलाचा बोळा घेऊन मनोहरराव माझा गंज पुसू लागले. मग त्यांनी मला नव्या प्रेसवर बसवलं, डाय माझ्या काठाशी नव्याने जुळवला आणि दांडा ओढला. टक. ती पुंगळी रायफलीत घालून इलाने बोल्ट करंगळीने मिटवला. सुवर्णाबाई जिन्यावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, आता तरी वर येऊन खाऊन घ्या, पोहे गार झाले." आणि मनोहरराव कित्येक आठवड्यांनी मोठ्याने हसले.

शरद ऋतूत राज्याचा सामना झाला. मी मनोहररावांच्या शर्टाच्या खिशात होतो. सगळं मी ऐकलं. वारा डावीकडून वाहत होता आणि मध्येच पडत होता. इला वारा उठायची वाट बघे, मग गोळी सोडे. प्रत्येक वेळी बोल्ट मिटण्याचा तो सरळ, न अडखळणारा आवाज आला की खिशाआडचं हृदय जरा शांत होई. सुवर्णाबाई विणकाम विसरून दुर्बिणीतून लक्ष्याकडे पाहत होत्या आणि नवऱ्याला प्रत्येक गोळी सांगत होत्या. मधोमध. मधोमध. जरा उजवीकडे. पुन्हा मधोमध.

इला पहिली आली. संपूर्ण राज्यात पहिली. चषक देताना तिच्या हाती माइक दिला, तेव्हा ती इंग्रजीत एवढंच म्हणाली, की आज वापरलेली प्रत्येक पुंगळी माझ्या वडिलांनी हाताने मापात आणली आहे, आणि त्यांना ती दिसत नाही. टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. मनोहरराव उभे राहिले. टाळ्या नक्की कुठून येतात ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी चारही बाजूंना वळून नमस्कार केला.

गर्दी पांगल्यावर संग्राम त्यांच्याजवळ आले आणि म्हणाले, "काका, आय वॉज राँग. सॉरी. माझ्याही पुंगळ्या दोन वर्षं अडतायत. बघाल का?"

"घेऊन ये. डाय आणि होल्डर दोन्ही आण," मनोहरराव म्हणाले.

आता क्लबच्या खोलीत दर महिन्याला त्यांचं टेबल लागतं. माणसं आपापले डाय आणि होल्डर घेऊन येतात, मनोहरराव पट्टी लावतात, नख फिरवतात आणि जोडी जमते की नाही ते सांगतात. ज्यांची जमत नाही त्यांना ते रागावत नाहीत, फक्त कुणाबरोबर कोण बसेल ते समजावतात. नमुना म्हणून आधी मला दाखवतात. मी चकचकीत आहे आणि माझ्या खाचेत तेलाचा पातळ थर असतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशा जोड्या असतील. बरणी आणि तिचं झाकण, कुलूप आणि त्याची किल्ली, नट आणि त्याचा बोल्ट. त्यांना एकत्र ठेवा, कोरडं ठेवा, आणि नवं आणलं तर जुन्याशी जुळतं का ते आधी पाहा. आणि एखाद्या वयस्क माणसाचं काम एक दिवस बिघडलं, तर त्याच्या वयाला, डोळ्यांना दोष देऊन त्याला खिडकीशी बसवू नका. त्याच्या हातात काय दिलं होतं ते आधी तपासा. तपासताना त्यालाही सोबत घ्या.